या आठवड्याचा जिना

१

आमच्या जिन्यावर एक पाटी फिरते. तळहाताएवढा जाड पुठ्ठा, कडेने पत्रा बसवलेला, वर दोरी. त्यावर छापलंय, "या आठवड्याचा जिना तुमच्याकडे." ज्या दाराच्या मुठीला पाटी, त्या घराने शुक्रवारी आपल्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंतचा जिना धुवायचा. धुऊन झाला की पाटी समोरच्या दाराला अडकवायची. सही नाही, तपासणी नाही. पाटी समोर गेली म्हणजे जिना धुतला, असंच सगळे धरून चालतात.

तिसऱ्या मजल्यावर दोनच दारं. एक आमचं, एक मिसेस गिलफिलनचं. त्या एक्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि त्याच घरात जन्मल्या होत्या, स्वयंपाकघरातल्या भिंतीत पलंगासाठी जो कोनाडा असतो ना, त्यात. तसा कोनाडा आमच्याकडेही आहे. त्यात आम्ही आमच्या बाळाचं, मॉर्वनचं, लाकडी कुंपण ठेवलं होतं, म्हणजे मी चुलीशी असताना ती समोर दिसायची.

इमारत शहराने बांधलेली, राणी व्हिक्टोरियाच्या काळात, गरिबांसाठी. आता ती जुना वारसा म्हणून संरक्षित आहे. लाल दगड, खालच्या दारावर कोरलेलं शहराचं चिन्ह, झाड आणि मासा, जिन्याला खांद्यापर्यंत हिरव्या फरशा, वर छपरात काच. पायऱ्या दगडाच्या, मधोमध झिजून चमच्यासारख्या झालेल्या. तिथे पाणी साचतं. रबराची पट्टी लावायची तर परवानगी काढावी लागते, ती कोणी काढली नाही. खालचे मॅकेंड्रिक म्हणतात, "पोरी, सव्वाशे वर्षांचे पाय आहेत त्या खड्ड्यांत. पट्टी काय लावतेस?"

मॉर्वन झाली तेव्हा तीन महिने मी झोपलेच नाही. माझा नवरा ग्रेगर बस चालवतो, पहाटे चारला जातो. एका शुक्रवारी बादली भरून दाराशी ठेवली, आणि पोरगी रडायला लागली. संध्याकाळी बादली तशीच होती. मी पाणी ओतून दिलं. मग दार उघडलं, आणि पाटी समोरच्या मुठीला अडकवून आले. जिना न धुता.

एवढंच केलं. एकदाच, असं स्वतःला सांगितलं.

२

पुढच्या शुक्रवारी सकाळी ब्रशचा आवाज आला. खस्स, खस्स, मग बादलीची कडी वाजली. मिसेस गिलफिलन फडक्याच्या दांड्याने पुसत नसत. गुडघ्यांवर बसून, खालच्या पायरीवर गुडघे टेकून वरची घासायची, मग मागे मागे सरकत उतरायचं. शेवटी पांढऱ्या मातीच्या वडीने प्रत्येक पायरीच्या दोन्ही कडांना वेटोळी काढायची. एक सलग रेघ, गोल गोल, हात न उचलता. आमच्या जिन्यावर आता ते कोणीच करत नाही. त्यांच्या आईने शिकवलेलं.

त्यांनी पाटी माझ्या दाराला लावली. आणि मी ती, न धुता, शुक्रवार यायच्या आधीच परत त्यांच्या दाराला लावली. तिसऱ्यांदाही. त्या विसरायला लागल्या होत्या, हे मला माहीत होतं. चहा ठेवून विसरत. मला दूध-साखरेच्या वड्या एकाच दिवशी दोनदा आणून दिल्या होत्या. म्हणून तर माझं धाडस झालं.

चौथ्या वेळी त्यांनी मला दारातच गाठलं. पाटी त्यांच्या मुठीला.

"कर्स्टी, पोरी, मागच्या शुक्रवारी मीच धुतला का गं?"

"नाही हो. तुम्हाला आठवत नाही. या आठवड्याला तुमच्याकडेच आहे. पाटी आहे ना दारावर."

त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. बोटांच्या पेरांना भेगा होत्या, साबणाच्या.

"हात दुखतात म्हणून वाटलं," त्या म्हणाल्या. "असेल बाई. माझं डोकं म्हणजे आता चाळण." आणि हसल्या. "तू झोप जरा. तोंड बघ कसं झालंय, उकडलेल्या बटाट्यासारखं."

त्या आठवड्याच्या शुक्रवारी, दहाच्या सुमाराला, मी मॉर्वनला पाजत होते. बादली जिन्यावरून गडगडत गेल्याचा आवाज आला. वळणावर आपटली, आणि मग शांत. मला वाटलं, बादलीच पडली. पोरगी नुकती झोपेला आली होती. मी तिला दुसऱ्या बाजूलाही घेतलं, पूर्ण पाजलं, कुंपणात ठेवलं. मग दार उघडलं.

तोपर्यंत मॅकेंड्रिक वर आले होते. त्यांनी आपला कोट मिसेस गिलफिलनच्या अंगावर घातला होता, तोंडावरूनसुद्धा. वरून सातव्या पायरीपर्यंत वेटोळी काढलेली होती. सातवीवर रेघ अर्धी राहिली होती.

३

त्यांची मुलगी नेट्टा ॲबरडीनहून आली, घर रिकामं करायला. माझ्याहून मोठी, पन्नाशीची, नर्ससारखी नीटनेटकी. मी तिला चहा दिला. ती मॉर्वनकडे बघत राहिली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "आई फोनवर सांगायची, दर आठवड्याला जिना तीच धुते. पाटी परत परत तिच्याच दारावर येते. मी तिच्यावर ओरडले गं. म्हटलं, आई, समोर तरुण बाई राहते, ती काय झोपा काढते? तूच विसरतेस. डॉक्टरकडे नाव घातलं मी तिचं. ती घाबरली होती. म्हणाली, नेट्टा, माझं डोकं जायला लागलंय, मला कुठे ठेवून देऊ नकोस." नेट्टाने कप खाली ठेवला. "तू खरं सांग. तुम्ही आलटून पालटूनच धुवत होता ना?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. मी शपथेवर सांगते, शब्द जिभेवर होता. पण मॉर्वन मांडीवर होती, आणि मला वाटलं, हिच्या देखत नको. मूल पाच महिन्यांचंही नाही, तिला काय कळणार होतं? पण तसंच वाटलं.

"आलटून पालटूनच," मी म्हणाले.

नेट्टाने सुस्कारा सोडला. "म्हणजे माझंच खरं होतं. गेलंच होतं तिचं डोकं." मग ती रडली, आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात कसा ठेवला मी, ते मला आजही कळत नाही.

जाताना तिने एक पत्र्याचा डबा दिला. आत पांढऱ्या मातीची वडी, अर्धी झिजलेली. "आई म्हणायची, तू गुणाची आहेस. ठेव तुला."

४

ते घर कुलूपबंद झालं. नवा भाडेकरू यायला वेळ होता, आतली जुनी लाकडं आणि खिडक्या बघायला जुन्या इमारतींचे संरक्षणवाले येणार होते. पाटी त्यांच्या मुठीलाच राहिली होती. तिला हात लावायचं माझ्याच्याने होईना.

पुढच्या शुक्रवारी दुपारी मॉर्वनला फिरवून आणलं. खालच्या दारातून आत आले तर ओल्या दगडाचा वास. आमच्या मजल्याचा जिना धुतलेला, वरपासून वळणापर्यंत आणि वळणापासून खालपर्यंत. कडांना वेटोळी. पाटी माझ्या दाराच्या मुठीला.

मी ग्रेगरला विचारलं. "मी?" तो म्हणाला. "राणी, मी आंघोळ करतो तेच खूप समज." नेट्टा ॲबरडीनला गेलेली. मॅकेंड्रिकना विचारायच्या आधी तेच म्हणाले, "वा कर्स्टी! म्हातारीची नक्षी चालू ठेवलीस. माझे डोळे भरून आले गं."

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "थँक यू."

मग विचार केला. खालची कोणी बाई असेल, दुःखाने करत असेल. संरक्षणवाल्यांनी माणूस लावला असेल. नक्षी मला येत नाही, पण बघून कोणालाही येईल. असं सगळं मनात मांडून ठेवलं. आणि पुढच्या शुक्रवारी जिना माझ्याकडे असताना, बादली न भरता, मी पाटी त्या बंद दाराला अडकवली.

का, ते लिहिते. मला बघायचं होतं, असं नाही. मी दमले होते. आणि जिना कोणीतरी धुतंय, तर धुवू दे, असं वाटलं.

जिना धुतला गेला. त्याच्या पुढच्याही शुक्रवारी. पाच आठवडे. मी त्या वेळी घरात रेडिओ मोठा लावायचे. तरी मधूनच, गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या आधी, खस्स, खस्स यायचं.

५

मॉर्वन रांगायला लागली. उलटी.

आम्ही खूप हसलो. ती चार पायांवर उभी राहायची, पुढे बघायची आणि मागे जायची. ग्रेगर म्हणाला, "माझीच पोर. रिव्हर्समध्ये टाकलीय." बाळ बघायला येणारी नर्सही म्हणाली, पुष्कळ मुलं आधी मागे रांगतात, हातात जोर जास्त असतो म्हणून. काळजीचं काही नाही. मला बरं वाटलं. पुस्तिकेतही तसंच होतं, मी दोनदा वाचलं.

पण पुस्तिकेत हाताचं काही नव्हतं. मॉर्वन एक हात टेकायची, दुसरा जमिनीवर गोल गोल फिरवायची. चार-पाच वेळा. मग एक पाऊल मागे. मग पुन्हा गोल गोल. मी तिला उचललं तरी तिचा हात हवेत फिरत राहायचा.

"ग्रेगर, हे बघ."

"पुसतेय. तुझ्याकडून शिकली."

"मी कुठे पुसते अशी?"

तो माझ्याकडे बघायला लागला. "जिना धुतेस ना दर आठवड्याला? सगळी इमारत तुझं नाव घेते."



एके दिवशी तिने दुधाची वाटी सांडली. मी फडकं आणायला वळले, परत आले, तर तिचं बोट दुधात होतं. कोनाड्याच्या कडेने, लाकडाच्या पट्टीवर, तिने रेघ ओढली होती. गोल, गोल, गोल, एकातून एक, हात न उचलता. सहा वेटोळी पूर्ण होती. सातवं अर्धं.

मी ते पुसलं. पुसताना मला जाणवलं की मी गुडघ्यांवर आहे आणि मागे सरकतेय. आणि मॉर्वन माझ्याकडे बघून मान हलवत होती, म्हातारी माणसं हलवतात तशी, बरोबर चाललंय म्हणून.

६

त्या शुक्रवारी मी ठरवलं, आज मी धुणार. पाटी माझ्या दारावर होती. सकाळचे साडेनऊ. छपराच्या काचेतून स्वच्छ उजेड जिन्यात उतरला होता, फरशा चमकत होत्या. घाबरण्यासारखं काही नव्हतं. मॉर्वनला कुंपणात ठेवलं, हातात बिस्किट दिलं. कुंपणाची कडी दोनदा तपासली. दार उघडंच ठेवलं, तिचा आवाज यावा म्हणून.

पहिल्या पायरीवर पाणी टाकलं, गुडघे टेकले, घासायला लागले. दगड गार होता. दुसरी पायरी, तिसरी. मनात म्हणत होते, मिसेस गिलफिलन, ही माझी. ही पण माझी. तुम्ही राहू द्या.

चौथ्या पायरीवर मला दोन ब्रश ऐकू आले.

मी थांबले. दुसरा ब्रश एकदा वाजला आणि थांबला. जिन्यात आवाज घुमतो, फरशांमुळे. हे मॅकेंड्रिकनी मला कितीदा सांगितलंय. मी पुन्हा घासलं. माझ्यामागून, माझ्याच पाठीशी, खालच्या बाजूला, तो आवाज माझ्या अर्धा श्वास मागे चालला होता. मी मागे वळून पाहिलं नाही. खरं सांगते, धीर झाला नाही. सातवी पायरी आली तेव्हा हात थांबला, पण मी ती धुतली. रडत रडत धुतली.

वळणावर पाय टेकला तर दगड ओला. मी तिथपर्यंत पोचले नव्हते आणि वळण धुतलेलं होतं. कडेला ताजी वेटोळी. मधोमध गुडघ्यांच्या दोन गोल खुणा, मोठ्या. त्यांच्या शेजारी आणखी दोन. अंड्याएवढ्या.

मी वर पाहिलं.

आमचं दार उघडं होतं तसंच. समोरचं दारही उघडं होतं, वीतभर. त्या फटीत, जमिनीलगत, कोणीतरी मागे मागे आत जात होतं. मला फक्त हात दिसले. एक डागाडागांचा, पेरांना भेगा पडलेला, फडकं धरलेला. आणि त्याच्या शेजारी, त्याच्यासारखाच गोल गोल फिरणारा, छोटा.

दार लागलं. आवाज न करता.

मी किती पायऱ्या एका वेळी चढले ते माहीत नाही. समोरच्या दाराला कुलूप होतं, शहराच्या कौन्सिलचं, पितळी, कडीवर धूळ. मी तरी ते हलवलं, दार बडवलं, "मॉर्वन! मॉर्वन!" खालून मॅकेंड्रिक ओरडले, "काय झालं गं?" मी आमच्या घरात धावले.

ती कुंपणात बसली होती. बिस्किट हातात, न खाल्लेलं. कुंपणाची कडी लागलेली. तिच्या विजारीचे गुडघे ओले होते आणि नखांत पांढरी माती. कुंपणाच्या वरच्या दांडीला, तिच्या तोंडासमोर, दोरीने पाटी अडकवलेली होती.

ती पाटी तर आमच्या दाराच्या बाहेरच्या मुठीवर होती. मी स्वतः पाहिली होती.

७

त्याच दुपारी मी नेट्टाला फोन लावला. तिने उचलला, म्हणाली, "कर्स्टी! किती बरं वाटलं. कसं आहे बाळ?" मी म्हणाले, बरी आहे. मग म्हणाले, "नेट्टा, ते, आईबद्दल..."

"बोल ना."

मॉर्वन माझ्या कडेवर होती. तिचा हात माझ्या मानेवर गोल गोल फिरत होता.

"तो डबा," मी म्हणाले. "तुला परत हवा असेल तर."

"वेडी आहेस का? तुलाच ठेव," ती म्हणाली. नेट्टा अजूनही मला नाताळला कार्ड पाठवते. आईला शेवटी तुझा आधार होता, असं लिहिते. ती कार्डं मी ठेवत नाही.

तेव्हापासून जिना मीच धुते. दर शुक्रवारी, गुडघ्यांवर. पाटी आमच्या मुठीवरून मी कधीच हलवत नाही. समोर अजून कोणी राहायला आलेलं नाही, आत काहीतरी ओल आहे म्हणतात, जमिनीत, कुठून येते ते सापडत नाही. मॉर्वन सरळ चालते, सरळ पळते, शाळेपूर्वीच्या वर्गात जाते. आता साडेतीन वर्षांची आहे. त्यानंतर तिच्या गुडघ्यांवर मला काही दिसलं नाही. मी रोज बघते. ग्रेगर म्हणतो, सोड गं तिचे गुडघे, पोरांचे मळतातच.

मला वाटलं होतं, चुकतं झालं. पावणेतीन वर्षं मी एक शुक्रवार चुकवलेला नाही.

आज सकाळी मी बादली आत ठेवली आणि चहा घेऊन बसले. हात दुखत होते. पेरांना भेगा पडल्यात, थंडीत जास्त. मॉर्वन दारात उभी होती, मुठीवरच्या पाटीशी खेळत.

"आई, जिना."

"झाला ना सोन्या. आत्ता धुतला."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मायेने, मोठी माणसं आजाऱ्याकडे बघतात तशी.

"नाही हो," ती म्हणाली. "तुम्हाला आठवत नाही. या आठवड्याला तुमच्याकडेच आहे. पाटी आहे ना दारावर."

ती माझ्याशी कधी अशी बोलत नाही. मला 'तू' म्हणते. आणि ते वाक्य मी तिला कधी सांगितलेलं नाही. कोणालाच नाही. ज्या दिवशी मी ते बोलले तेव्हा मॉर्वन तीन-चार महिन्यांची होती आणि आतल्या खोलीत झोपली होती.

मी उठून जिन्यापाशी गेले. उजेड स्वच्छ होता. वरून खालपर्यंत सगळ्या पायऱ्या कोरड्या होत्या. नुसत्या कोरड्या नाहीत, आठवडाभराची धूळ होती त्यांच्यावर. मी बादलीत हात घातला, तर बादलीही कोरडी. चहा मात्र गरम होता. आणि हात दुखत होते.

मी आठवायचा प्रयत्न केला, मागच्या शुक्रवारचा. त्याच्या मागचा. पाण्याचा आवाज आठवतो, दगडाचा गारवा आठवतो. पण तो कुठल्या दिवसाचा, आणि ते माझे हात की कोणाचे, हे मला सांगता येईना.

"असेल बाई," मी म्हणाले.

मॉर्वनने डबा उघडून वडी माझ्यापुढे धरली. मी बादली भरायला गेले.